हा कोण, आणि याचा हक्क काय?

संगणक-सुरक्षेच्या परिभाषेत 'ऑथेंटिकेशन' हा शब्द वारंवार भेटतो. मराठीत त्यासाठी 'प्रमाणीकरण', 'अधिप्रमाणन', 'ओळखनिश्चिती' असे पर्याय योजले जातात. शब्द कोणताही घेतला तरी त्यामागील प्रश्न एकच आहे : समोरची व्यक्ती स्वतःला जी म्हणवते, ती खरोखर तीच आहे काय? एटीएमवर पिन टाकताना किंवा धनादेशावर सही करताना आपण याच प्रश्नाचे उत्तर देत असतो. प्रश्न संगणकाने जन्माला घातलेला नाही. त्याची खरी गुंतागुंत पाहावयाची असेल तर कावेरीकाठच्या तंजावरकडे वळावे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापिलेले हे मराठी राज्य १८५५ पर्यंत नावापुरते तरी टिकले, आणि तेवढ्या काळात त्याच्या गादीला ओळखीच्या प्रश्नाने दोनदा हादरा दिला.

पहिला प्रसंग तुकोजीराजांच्या निधनानंतरचा. १७३६ ते १७३९ या अल्पावधीत तंजावरच्या गादीवर माणसे बसली आणि उतरली. त्यांत 'काट राजा' या नावाने ओळखला गेलेला, स्वतःस पहिल्या सरफोजीराजांचा पुत्र म्हणविणारा शहाजी होता. १७३९ मध्ये प्रतापसिंहांनी राज्य हाती घेतले. तंजावरच्या मराठी वृत्तांताने या शहाजीला तोतया ठरविले. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने त्यालाच खरा वारस मानून प्रतापसिंहांच्या जन्माविषयी शंका घेतली. पुढे १७४९ मध्ये हा शहाजी इंग्रजांकडे गेला. कंपनीने त्याचा हक्क 'मान्य' करून फौज धाडली, कोळ्ळिडम नदीच्या मुखाजवळचे देवीकोट्टै ठाणे जिंकले आणि ते पदरात पडताच प्रतापसिंहांशी तह केला. शहाजीला वार्षिक चार हजार रुपयांची नेमणूक मिळाली.

पानिपतानंतर पुण्यास उपद्रव देणारा सदाशिवरावभाऊंचा तोतया आपल्याकडे सर्वपरिचित आहे. पेशव्यांनी त्याचा निकाल १७७६ मध्ये देहदंडाने लावला. तंजावरचे प्रकरण मात्र मला अधिक बोधप्रद वाटते, कारण तेथे ओळख पटविणाऱ्याचाच त्या ओळखीत स्वार्थ होता. ठाणे हवे होते तोवर माणूस खरा होता. परीक्षकास निकालातून लाभ होणार असेल, तर परीक्षा कितीही कडक असो, तिला अर्थ उरत नाही.

दुसरा प्रसंग याहून सूक्ष्म आहे. १७८७ मध्ये दुसरे तुळजाराजे निवर्तले. मृत्यूपूर्वी थोडेच दिवस त्यांनी भोसले कुळातील सुमारे दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला होता. हेच पुढे विद्याव्यासंगी म्हणून विख्यात झालेले दुसरे सरफोजीराजे. हा मुलगा कोण, याविषयी कोणालाच संशय नव्हता. तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांचा आक्षेप वेगळा होता : मुलाचे वय, तो जन्मदात्याचा एकुलता एक पुत्र असणे, दत्तविधान करताना राजांची मनःस्थिती. मद्रासच्या गव्हर्नरने पंडितांचे मत मागविले. ते दत्तकाविरुद्ध गेले आणि अमरसिंह गादीवर बसले. पुढे श्वार्ट्झ या मिशनऱ्याने सरफोजींची बाजू लावून धरली, आधीच्या पंडितांच्या निःपक्षपातीपणावरच आक्षेप घेतला गेला, नव्याने शास्त्रार्थ मागविले गेले आणि ते दत्तकास अनुकूल निघाले. १७९८ मध्ये सरफोजींना गादी मिळाली. तीही कितीशी? १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडेच गेला.

पहिल्या प्रसंगात 'हा कोण?' हा प्रश्न होता. दुसऱ्यात 'याचा हक्क काय?' हा. संगणकशास्त्रात यांना दोन वेगळी नावे आहेत, ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन. पण व्यवहारात भलेभले त्यांची गल्लत करतात. बँकेत तर नित्याचेच. खातेदाराच्या निधनानंतर नामनिर्देशित व्यक्ती आधार कार्ड, पॅन कार्ड घेऊन येते. तिची ओळख निर्विवाद पटते. आणि आता ही रक्कम आपलीच झाली, असा तिचा समज होतो. सर्वोच्च न्यायालयाने बँक-ठेवींच्या संदर्भात २०१० मध्ये स्पष्ट केले आहे की नामनिर्देशित व्यक्तीला बँकेकडून रक्कम स्वीकारण्याचा अधिकार आहे, मालकी मात्र वारसा कायद्यानुसार वारसांचीच. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीस चारपर्यंत व्यक्तींचे नामनिर्देशन करता येते. सोय चांगली आहे. परंतु नावे वाढली म्हणून वारसांमधील वाद मिटतील, या भ्रमात कोणी राहू नये. त्यासाठी मृत्युपत्र करावे लागते, आणि तेथे आपण सगळेच चालढकल करतो.

ओळख माणसाची असते तशी कागदाचीही असते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी अमदानीतील मोडी कागदांचे मोठे दफ्तर आहे. मराठी राजपत्रांची घडण पाहिली की आपल्या पूर्वजांनी या बाबतीत किती विचार केला होता ते ध्यानात येते. पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे, ती पत्र कोणाचे हे सांगे. मजकूर संपला की तेथे लहानसे मोर्तब उमटवीत, ते पत्र कोठे संपले हे सांगे, म्हणजे मागाहून कोणी एखादी ओळ घुसडू नये. कागद चिकटवून लांब केला असेल तर पाठीमागे जोडावर शिक्का, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने आपल्याकडे मान्यता दिलेली डिजिटल स्वाक्षरी गणिताच्या बळावर हीच दोन्ही कामे करते : पाठविणारा कोण, आणि वाटेत अक्षर बदलले नाही ना.

मात्र शिक्का खरा म्हणून मजकूर खरा, असे होत नाही. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या प्राकाराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. ज्याच्या दत्तकपणावर अकरा वर्षे वाद चालला, त्या राजाला आपली वंशावळ दगडावर कोरून ठेवावीशी वाटावी, यात नवल ते काय! कर्ता ज्ञात, काळ ज्ञात, दगडात फेरफार अशक्य. तरीही त्यातील प्राचीन वंशावळ आणि सनावळी इतिहासकार इतर साधनांशी ताडल्यावाचून स्वीकारीत नाहीत. कर्जासाठी सादर झालेल्या ताळेबंदावर डिजिटल स्वाक्षरी आहे एवढ्यावर समाधान मानणाऱ्या अधिकाऱ्याने तो शिलालेख एकदा जरूर पाहावा.

आता आपल्या दाराशी येऊ. ओळख पटविण्याची साधने तीन प्रकारची मानतात : तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट, तुमच्याजवळ असलेली वस्तू, आणि तुमचे शरीर. पिन, कार्ड, अंगठा. प्रत्येकाचे दुखणे निराळे. पिन विसरतो, कार्ड हरवते, आणि जन्मभर भाताच्या खाचरात राबलेल्या शेतमजुराच्या बोटांवरील रेषा इतक्या झिजतात की यंत्राला त्या वाचता येत नाहीत. शिवाय पिन फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून दोन साधने एकत्र वापरणे शहाणपणाचे. ऑनलाइन कार्ड-व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २००९ पासून दुसरा घटक अनिवार्य केला, आणि त्याचे पुढे ओटीपी झाले.

तरी फसवणूक थांबली नाही. कारण तोतया आता ग्राहकाचा वेष घेत नाही, तो बँकेचा घेतो. 'मी तुमच्या शाखेतून बोलतो' एवढे म्हणून तो ओटीपी काढून घेतो. 'पोलीस अधिकारी' बनून तथाकथित डिजिटल अटक करतो. कुलूप शाबूत असते, किल्ली आपणच हाती दिलेली असते. अशा ग्राहकाला 'निष्काळजी' म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. वर्षानुवर्षे आपण त्याला एकच शिकविले : विचारले की ओळख सांगायची. उलट विचारण्याची सवय लावलीच नाही आणि विचारण्याचे साधनही दिले नाही. ओळख एकतर्फी ठेवली, तिचा लाभ तोतयाने घेतला.

अलीकडे ही चूक दुरुस्त होऊ लागली आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांची संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर आणण्यास ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. व्यवहारविषयक दूरध्वनी १६०० ने आरंभ होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असेही बँकांना सांगितले. यापुढचे पाऊलही बँकांनी टाकावे, असे माझे मत आहे. खाते उघडतानाच ग्राहकाने आपल्या पसंतीचा एक परवलीचा शब्द बँकेला द्यावा, आणि दूरध्वनीवर बँकेच्या माणसाने तो प्रथम उच्चारावा. जो उच्चारू शकणार नाही, त्याचा फोन ग्राहकाने निःशंक मनाने ठेवून द्यावा. समोरचा कितीही रागावला तरी.