सही थांबली, हिशेब नाही

आमच्या म्हसावदच्या भाऊंचा धनादेश सही जुळेना म्हणून परत आला, तेव्हाच हा आजार घरात शिरला होता. पुढे सदऱ्याची बटणे लागेनात. मानेच्या मणक्याचे दुखणे समजून उपचारांत आठ महिने गेले. अखेर मेंदूविकारतज्ज्ञांनी ईएमजी तपासणी करून निदान केले : मोटर न्यूरॉन डिसीज.

यात स्नायूंना आज्ञा देणाऱ्या, मेंदूतील व मज्जारज्जूतील पेशी क्षीण होतात. हातपाय, वाचा, गिळणे आणि शेवटी श्वास, सर्वांवरील ताबा सुटतो. बुद्धी मात्र बहुधा शाबूत राहते. १९९५ पासून वापरात असलेले रिलुझोल आजाराची गती किंचित मंदावते, तो बरा करीत नाही. म्हणून खात्रीचा गुण विकणाऱ्यांपायी पेढीचे भांडवल घालवू नये. शंका असल्यास मुंबईच्या केईएमसारख्या रुग्णालयातील मेंदूविकार विभागात दुसरे मत घ्यावे. श्वासाची नियमित तपासणी, गरजेनुसार बायपॅप यंत्र आणि मऊ आहार यांवर खर्च करावा. घाईचा घास श्वासनलिकेत जातो. सूर्यास्तापूर्वी निवांत आटोपावे म्हणून आम्ही भाऊंचे ताट साडेचारलाच वाढतो.

भाऊंचे नाव खात्यातून काढण्याचे घरात ठरत होते. मी थांबवले. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमक्ष चालतो. त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.

परवा पुतण्याने उधारीचा आकडा वाचला. भाऊंनी डोळे मिटून नकार दिला. वही पुन्हा पाहिली. चूक पुतण्याचीच होती.