मंडईंतील धूर व डिझेल मोटारींचें भवितव्य

डिझेलवर चालणाऱ्या मोटारी शहरांत असाव्या कीं नसाव्या, हा वाद आज दिल्लीपासून लंडनपर्यंत चालू आहे. विद्यार्थिवर्गास तो प्रथमदर्शनीं मोटारमालकांचा व सरकारचा प्रश्न वाटेल. परंतु जीं मुलें रोज शिवाजी रस्त्यानें पायीं शाळेंत येतात, व ज्यांच्या माता मंडईंत भाजी घेण्यास जातात, त्यांचा या प्रश्नाशीं मोटारमालकाहूनही जवळचा संबंध आहे. कारण मोटारीचें सुख आंत बसणारास मिळतें, व तिचा धूर बाहेर उभा असणारास मिळतो. ही वांटणी न्याय्य आहे काय, आणि नसल्यास ती कशी सुधारावी, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम डिझेलची बाजू नीट ऐकून घेणें उचित होय. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें आपलें इंजिन यशस्वी करून दाखविलें. त्या काळचें वाफेचें यंत्र कोळशांतील उष्णतेचा सुमारें दहावा हिस्साच कामास लावीत असे. डिझेलच्या यंत्रानें चौथ्या हिश्शाहून अधिक उष्णता कामीं आणली. या इंजिनांत ठिणगी लागत नाहीं. हवा इतकी दाबली जाते कीं ती अतिशय तापते, व तींत तेलाचा फवारा सोडतांच तो आपोआप पेट घेतो. थोड्या तेलांत पुष्कळ काम, हा त्याचा मोठा गुण. १९४६ सालीं पुण्यांत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि जेथें वीज पोंचली नव्हती तेथील विहिरींचें पाणी तेल-इंजिनांनीं शेतांत आणलें. आजही पुरंदरचा वाटाणा व नारायणगांवचे टोमॅटो पुण्यास आणणारे टेंपो बहुधा डिझेलवरच चालतात. ज्याच्या बळावर आपली चूल चालते, त्यास सरसकट दूषण देणें हा कृतघ्नपणा होईल.

परंतु जेथें गुण तेथेंच दोषाचेंही मूळ आहे. तेलाचा फवारा व हवा यांची मिसळ सर्वत्र सारखी होण्यास वेळ मिळत नाहीं. म्हणून तेलाचा कांहीं भाग अर्धवट जळून त्याची काजळी होते. तिचे कण इतके बारीक असतात कीं नाकांतील केंस व घशांतील ओलावा त्यांस अडवूं शकत नाहींत. ते फुप्फुसांत खोलवर जातात, व त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तांतही उतरतात. शिवाय प्रखर उष्णतेंत हवेंतील नायट्रोजन व प्राणवायु यांचा संयोग होऊन जे वायु निघतात, ते दमेकऱ्यास विशेष बाधतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें जून २०१२ मध्यें डिझेलच्या धुराची गणना मनुष्यास निश्चितपणें कर्करोग आणणाऱ्या पदार्थांत केली. मुलांस तर हा धूर दुहेरी बाधतो. मूल मोठ्या माणसापेक्षां जलद श्वास घेतें, वजनाच्या मानानें अधिक हवा ओढतें, व त्याचें नाक गाडीच्या धुराच्या नळीस अधिक जवळ असतें.

आतां मंडईंत काय घडतें तें पाहूं. ही इमारत १८८६ सालीं उघडली, तेव्हां तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव होतें. तिच्या भोंवतालचे रस्ते बैलगाडी, टांगा व हातगाडी यांच्या मापाचे. घाऊक बाजार पुढें गुलटेकडीस गेला. किरकोळ विक्री येथेंच राहिली. पहाटे माल घेऊन टेंपो येतात. दिवस वर आला म्हणजे तुळशीबाग व लक्ष्मी रस्ता येथील खरेदीसाठीं मोटारी येतात. उभ्या करण्यास जागा नाहीं, म्हणून त्या फेऱ्या मारितात. आंत थंड हवा हवी, म्हणून उभ्या असतांही इंजिन चालू ठेवितात. मोटारींतील कुटुंब खरेदी आटोपून निघून जातें. परंतु रस्त्याकडेला टोपली मांडून बसलेली बाई, पाठीवर पोतें वाहणारा हमाल, चौकांत उभा असलेला पोलीस व गिऱ्हाइकाची वाट पाहणारा रिक्षावाला दिवसभर तीच हवा घेतात. धूर करणारे निराळे व धूर घेणारे निराळे, अशी ही स्थिति आहे.

या इमारतीस आज ज्यांचें नांव आहे, त्या जोतीराव फुले यांनीं पुणें नगरपालिकेचे सभासद असतां तिच्यावरील खर्चास विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असा त्यांचा आग्रह होता. इमारत झाली, व पुढें आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें तिलाच जोतीरावांचें नांव देण्यांत आलें. मंडई बांधली हें वाईट झालें, असें आज कोणी म्हणणार नाहीं. परंतु सार्वजनिक सोय कोणासाठीं व तिचा भार कोणावर, हा जोतीरावांचा प्रश्न जुना झालेला नाहीं. रस्ता व हवा ह्याही सार्वजनिक सोयीच आहेत.

यावर डिझेलचे कैवारी म्हणतात कीं, हे सर्व आक्षेप जुन्या गाड्यांस लागू आहेत. त्यांचें म्हणणें निराधार नाहीं. १ एप्रिल २०२० पासून सर्व देशांत भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. पांचवी पायरी गाळून देशानें चौथीवरून एकदम सहावी गांठली. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० भागांवरून १० भागांवर आली. डिझेल मोटारीनें एका किलोमीटरास सोडावयाच्या कणांची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर, व नायट्रोजनच्या ऑक्साइडांची २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आणण्यांत आली. त्यासाठीं धुराच्या मार्गांत काजळी धरणारी गाळणी बसवितात. ही प्रगति खरी आहे व ती अभिमानास्पद आहे.

तथापि या युक्तिवादांत तीन उणिवा आहेत. पहिली ही कीं, नवा नियम नव्या गाडीस लागू होतो. जुनी गाडी रस्त्यावर राहतेच. तिची तपासणी पी.यू.सी. दाखल्यासाठीं होते खरी, पण त्या तपासणींत डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा तेवढा मोजतात. न दिसणारे नायट्रोजनचे वायु मोजीत नाहींत. दुसरी उणीव मंडईसारख्या जागेशीं निगडित आहे. गाळणींत सांचलेली काजळी जाळून टाकण्यास धूर चांगला तापावा लागतो, व त्यासाठीं गाडी कांहीं काळ मोकळ्या रस्त्यानें वेगांत चालावी लागते. जी गाडी घर, शाळा व मंडई एवढ्याच फेऱ्या गर्दींतून रखडत करिते, तिची गाळणी तुंबते. मुंबईच्या द्रुतगति मार्गावर जी मोटार निर्दोष, ती शनिपाराच्या कोंडींतही निर्दोष राहील असें नाहीं.

तिसरी उणीव माणसाच्या सचोटीची आहे. सप्टेंबर २०१५ मध्यें अमेरिकेंत असें उघडकीस आलें कीं, फोक्सवॅगन कंपनीनें आपल्या डिझेल मोटारींत एक युक्ति योजिली होती. परीक्षा चालू आहे हें गाडी ओळखी व तेवढ्यापुरते विषारी वायु कमी सोडी. रस्त्यावर येतांच मर्यादेच्या कित्येक पट सोडी. जगभर अशा सुमारें एक कोटी दहा लक्ष गाड्या निघाल्या. या कंपनीचा कारखाना आपल्या चाकणलाही आहे. भारतांतील गाड्यांची तपासणी पुण्याच्याच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन या संस्थेनें केली, व डिसेंबर २०१५ मध्यें कंपनीनें येथील सुमारें सव्वातीन लक्ष गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या. परीक्षकासमोर एक व त्याच्या पाठीमागें दुसरें, असें वागणाऱ्या विद्यार्थ्यास शाळा काय म्हणते तें सांगावयास नको.

उलटपक्षीं डिझेलच्या विरोधकांनींही अतिशयोक्ति करूं नये. पुण्याची हवा केवळ डिझेल मोटारींनीं बिघडलेली नाहीं. लक्षावधि दुचाक्या, उखणलेल्या रस्त्यांची व बांधकामांची धूळ, पेटविलेला कचरा, या सर्वांचा तींत वांटा आहे. तसेंच विजेची गाडी म्हणजे सर्वथा निर्दोष गाडी नव्हे. महाराष्ट्रांतील विजेचा मोठा भाग कोळशापासून निघतो. मंडईंतील धूर गेला तरी चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा धूर तेथील मुलांच्या वांट्यास येतोच, व त्यांचाही हिशेब आपण ठेविला पाहिजे. पण एक भेद लक्षांत घ्यावा. एका उंच धुराड्याचा धूर एका जागीं आवरतां येतो, आणि वीज पुढें सूर्यापासून वा वाऱ्यापासूनही घेतां येते. हजारों नळ्यांतून माणसांच्या तोंडासमोर निघणारा धूर तसा आवरतां येत नाहीं.

इतर शहरांचा अनुभव येथें उपयोगी पडेल. दिल्लींत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांस बंदी केली, व २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली. त्या नियमानें गाडीचें वय पाहिलें. धूर पाहिला नाहीं. नीट राखलेली व मोडकळीस आलेली, या दोन्ही गाड्या त्यानें एका मापानें मोजल्या. त्यामुळें असंतोष वाढला, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें त्याच न्यायालयास, केवळ वयावरून मालकांवर सक्ति करूं नये, असा अंतरिम हुकूम द्यावा लागला. लंडन शहरानें निराळा मार्ग धरिला. एप्रिल २०१९ पासून तेथें, ठरलेल्या मापाहून अधिक धूर सोडणारी गाडी मध्यभागीं आणल्यास दररोज साडेबारा पौंड द्यावे लागूं लागले, व ऑगस्ट २०२३ मध्यें हा नियम सर्व शहरास लागू झाला. पण त्याबरोबरच जुनें वाहन मोडीत काढणाऱ्या गरीब रहिवाशांस व लहान व्यापाऱ्यांस पैशाचें साहाय्यही देण्यांत आलें. आपल्याकडे पेट्रोलियम मंत्रालयाच्या एका समितीनें दहा लक्षांहून अधिक वस्तीच्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेलच्या चारचाकी गाड्या बंद कराव्या, अशी शिफारस केल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. पुणें त्या शहरांत मोडतें. ती शिफारस अद्याप स्वीकारलेली नाहीं, असें सरकारनें त्याच वेळीं सांगितलें.

आमचें मत असें कीं, डिझेल या एका शब्दाखालीं सर्व गाड्या एकत्र मोजूं नयेत. खासगी मोटार व भाजीचा टेंपो यांत महदंतर आहे. मोटारमालकास दुसरा मार्ग आहे. २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईच्या पायथ्याशींच भुयारी मेट्रोचें स्थानक झालें आहे. विजेवर चालणाऱ्या बसगाड्या पुण्यांत २०१९ पासून धावत आहेत. डिझेलचा मोहही ओसरत चालला आहे. ऑक्टोबर २०१४ मध्यें त्याच्या दरावरील सरकारी नियंत्रण उठलें, व मारुति कंपनीनें एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी काढणें थांबविलें. टेंपोवाल्याची गोष्ट निराळी. गाडी हेंच त्याचें शेत व तेंच त्याचें दुकान. बहुधा तिच्यावर कर्जही असतें. उद्यां ती अचानक बंद केली, तर मंडईची हवा सुधारेल, पण त्याच्या मुलाची शाळा सुटेल. एका मुलाचें फुप्फुस वांचविण्यासाठीं दुसऱ्याचें पाटीदप्तर हिरावणें हा न्याय नव्हे.

म्हणून क्रम असा असावा. मंडईभोंवतींच्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळीं खासगी डिझेल मोटारींस प्रथम मज्जाव करावा. ११ डिसेंबर २०२१ रोजीं पादचारी दिनानिमित्त महानगरपालिकेनें लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग वाहनांस बंद केला होता. जें एक दिवस साधलें, तें रोज कांहीं तास साधणें अशक्य नाहीं. आजारी, वृद्ध व अपंग यांस अर्थातच सूट असावी. मालाच्या टेंपोंस कांहीं वर्षांची निश्चित मुदत द्यावी, व त्या मुदतींत विजेचें किंवा सी.एन.जी.चें वाहन घेण्यास अल्प व्याजाचें कर्ज व साहाय्य द्यावें. गाडीचें केवळ वय न पाहतां तिचा धूर प्रामाणिकपणें मोजावा. याप्रमाणें ज्याच्या खांद्यांत बळ अधिक, त्यानें ओझें प्रथम उचलावें.

पालकांस एक नम्र विनंती आहे. शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकापाशीं मोटार उभी असेल, तर तिचें इंजिन बंद ठेवावें. यास कायदा लागत नाहीं व खर्चही लागत नाहीं. उलट तेल वांचतें. आपल्या मुलास थंड हवा मिळावी म्हणून शेजारच्या मुलास धूर देणें कोणाही सुज्ञास आवडणार नाहीं. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कांहीं जण पुढें इंजिनें बनवाल, कांहीं नगराचे कायदे कराल, व पुष्कळ जण मोटारी बाळगाल. त्या वेळीं मंडईच्या दारीं टोपली मांडून बसलेल्या बाईची आठवण ठेवा. आपल्या सुखाचा धूर तिच्या श्वासांत जात नाहीं ना, एवढें ज्यानें पाहिलें, त्याचें शिक्षण सार्थकीं लागलें.