पाहुण्यांचे घर

घर सजवावे की नाही, याबद्दल माझा वाद नाही. सारवलेल्या अंगणात रांगोळीची चार बोटे उमटल्याशिवाय जिथे सकाळ झाल्यासारखे वाटत नसे, त्या मुलखातला मी माणूस. माझा वाद आहे तो घर कोणासाठी सजवायचे याबद्दल. आणि त्या बाबतीत आपल्या मध्यमवर्गाने अलीकडे जो घोळ घातला आहे, तो कोणीतरी एकदा स्पष्ट बोलून दाखवला पाहिजे.

माझ्या भाच्याने ठाण्याला फ्लॅट घेतला आणि एका सजावटकाराकडून तो करून घेतला. (पूर्वी घर करायला बाईचा जन्म खर्ची पडे, आता तीन महिने पुरतात.) वास्तुशांतीच्या दिवशी त्याने मला सगळे हिंडवून दाखवले. "मामा, ही भिंत बघा, खास इटालियन रंग आहे. मामा, हे छत बघा, आतून दिवे सोडलेत." मी माना डोलावल्या आणि विचारले, "अक्का कुठे आहे?"

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, त्याची आई, वय 81. ती स्वयंपाकघराच्या दारात प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली होती.

"अगं, इथे का बसलीस?"

"अरे, तो कोच पांढरा आहे. माझ्या डोक्याला तेल असतं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून मला ते अधिक लागले. गिरगावच्या चाळीत या बाईचे निम्मे आयुष्य गॅलरीत गेले. तांदूळ तिथे निवडले, मुलांचे पाढे तिथे घेतले, नवऱ्याची वाट तिथे पाहिली. नव्या फ्लॅटलाही चार फूट रुंदीची बाल्कनी होती. सजावटकाराने ती 'हॉलमध्ये घेतली' आणि तिच्या जागी जमिनीपासून छतापर्यंत काच बसवली. आपल्या हवेत बाल्कनी काय काम करते, याचा त्याने क्षणभर विचार केला असता तर! ती भिंतीवर सावली धरते, तिरपा पाऊस अडवते, ओले कपडे वाळवते आणि म्हाताऱ्या माणसाला रस्ता दाखवते. आता दुपारचे पश्चिमेचे ऊन थेट काचेवर येते, म्हणून खोली तापते. खोली तापते म्हणून जाड पडदे. पडद्यांनी अंधार होतो म्हणून भर दिवसा दिवे. आणि एवढे करूनही उकडते म्हणून वातानुकूलनाचे यंत्र. एका चुकीने चार वस्तू विकत घ्यायला लावल्या, आणि या चारी वस्तूंना भाचा 'सजावटीचा खर्च' म्हणतो.

मी त्या सजावटीचे रंगीत नकाशे मुद्दाम मागून पाहिले. त्यांत कोचावर कोणत्या रंगाच्या किती उशा ठेवायच्या, हे सुद्धा काढले होते. कपडे वाळत घालायची दोरी मात्र कुठेच नव्हती. जून ते सप्टेंबर जिथे आभाळ गळते, तिथे पाच माणसांचे कपडे कुठे वाळणार? ते वाळतात अक्काच्या खोलीत, तिच्या खाटेच्या वर. ओली छत्री कुठे टेकवायची, देवाचे तेल कुठे ठेवायचे, हेही नकाशाला ठाऊक नाही. जुन्या घरांना खुंटी ठाऊक होती, कोनाडा ठाऊक होता, फडताळ ठाऊक होते.

छताची गोष्ट तर आणखी मजेची. राहत्या खोलीची उंची निदान 2.75 मीटर असावी, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. म्हणजे जेमतेम नऊ फूट. गरम हवा वर जाते, तिला जागा हवी, एवढाच त्यातला साधा हिशेब. बांधणारा त्या नऊ फुटांवर एक बोटही जास्त देत नाही, आणि आपण पदरचे पैसे मोजून खाली प्लास्टरचे दुसरे छत टांगतो. पंखा त्याला इतका चिकटतो की वरून ओढायला त्याला हवाच मिळत नाही. वरच्या मजल्याचा नळ झाकायचा असेल तर टांगा बापडे, पण खोलीभर?

गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो, हे म्हातारी माणसे असलेल्या घरात सांगावे लागू नये. समुद्राकाठच्या दमट हवेत भिंतीला कागद चिकटवला तर त्याला बुरशी येणार आणि तो कडेने सुटणार, हेही नाही. दाबलेल्या भुशाची फळी ओल लागली की भाकरीसारखी फुगते, हे प्रत्येक स्वयंपाकघराला दोन पावसाळ्यांत कळते.

पण माझा खरा राग आहे तो त्या जात्यावर. भाच्याच्या दारातून आत शिरताच एक दगडी जाते ठेवले आहे, त्यात प्लॅस्टिकची फुले खोचली आहेत, वर दिव्याचा झोत सोडला आहे. पाहुणे म्हणतात, "वा, परंपरा जपलीत!" लहानपणी त्या खुंट्याने हाताला घट्टे पडलेली बाई दहा पावलांवर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलेली असते. चोर बाजारात जुन्या वाड्यांचे दरवाजे विकत मिळतात. त्यांची चहाची टेबले होतात. जाते शोभेला चालते, दळणारी कोचावर चालत नाही.

यावर मला कोणी म्हणेल, की तुम्हाला जुन्या वाड्यांचे उमाळे येत आहेत. छे! माजघरातला अंधार आणि चुलीचा धूर बायकांनी कसा सोसला, हे मी आईच्या डोळ्यांत पाहिले आहे. तानिझाकी या जपानी लेखकाने 1933 साली जुन्या घरांतल्या सावल्यांवर एक सुंदर निबंध लिहिला. पुढे त्याला घर बांधायचे होते तेव्हा वास्तुशिल्पी अभिमानाने म्हणाला, की तुमचा निबंध मी वाचला आहे, तुम्हाला काय हवे ते मला कळले. तानिझाकी म्हणाला, की तसल्या घरात मला मुळीच राहता येणार नाही! ही हकीकत त्याच्या पत्नीने सांगितली आहे, आणि मला तो निबंधाइतकाच या उत्तरासाठी आवडतो.

शोभा कामातून निघते तेव्हा ती कोणाला उठवून लावत नाही. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवत. उजेड गाळून आत येई. केरळात लॉरी बेकरने विटा सोडून सोडून जाळीच्या भिंती रचल्या. वारा आत येतो, ऊन अडते, आणि भिंतीला वेगळा दागिना लागत नाही. आपली रांगोळी रोज पुसली जाई आणि रोज नवी निघे. तिच्यावर पाय पडला म्हणून घरातल्या म्हातारीला कोणी अंगणाबाहेर बसवले नाही.

परवा अक्काचा फोन आला. दिवाळी तोंडावर आली आहे आणि आकाशकंदील कुठे टांगायचा, हा तिच्यापुढे प्रश्न आहे. बाल्कनी नाही, काचेबाहेर हात जात नाही, छताला खिळा मारला तर प्लास्टर सुटते. मी भाच्याला म्हटले, "एक काच काढून टाक, तिथे कंदील लाव, आणि खाली अक्काची खुर्ची ठेव."

"बघतो, मामा," तो म्हणाला, "सजावटकाराला विचारून सांगतो."