जपानमधल्या एका मंदिराने पर्यटकांना दार बंद केलं. उत्तनने त्यातून काय घ्यावं?

जपानच्या त्सुशिमा बेटावर वाताझुमी नावाचं एक प्राचीन मंदिर आहे. त्याच्या काही कमानी थेट समुद्रात उभ्या आहेत, त्यामुळे फोटोसाठी तिथे झुंबड उडायची. पर्यटकांच्या बेअदबीला कंटाळून २०२५ मध्ये मंदिराने जाहीर केलं की, यापुढे फक्त दर्शनाला येणाऱ्यांनाच प्रवेश. त्याआधी २०२४ मध्ये क्योटोच्या गिओन भागातल्या रहिवाशांनी आपल्या खासगी गल्ल्या पर्यटकांसाठी बंद केल्या. शिरल्यास दंड १० हजार येन. त्याच वर्षी जपानमध्ये विक्रमी, म्हणजे साधारण ३ कोटी ६९ लाख परदेशी पाहुणे आले होते.

याचा उत्तनशी काय संबंध?

भाईंदरजवळच्या धारावी बेटावर उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही गावं आहेत. वस्ती मुख्यतः ख्रिस्ती कोळी आणि ईस्ट इंडियन समाजाची. उत्तनला वेलंकनी मातेचं तीर्थस्थान आहे, ८ सप्टेंबरच्या सणाला तिथे गर्दी होते. तारोडीला धारावी देवीचं मंदिर आहे. चौकला १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेल्या धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. सुट्टीच्या दिवशी मुंबईकर किनाऱ्यावर येतात, जाता जाता या जागाही पाहतात.

आता या गर्दीत भर पडू शकते. एमएमआरडीएच्या प्रस्तावित उत्तन-विरार सागरी सेतूचा मुख्य पूल सुमारे २४ किलोमीटरचा असून जोडरस्ते धरून लांबी ५५ किलोमीटरवर जाते. मासेमारीच्या जागा जातील म्हणून मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्याच्या पर्यटन आराखड्यालाही गावकऱ्यांनी विरोध केला होता.

मग पर्यटन नकोच का?

तसं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात घरगुती जेवण किंवा सुक्या मासळीच्या विक्रीतून चार पैसे मिळाले तर कोळी घरांना ते हवेच आहेत. अडचण येते ती बाहेरच्या माणसाला हे गाव देखावा वाटू लागतं तेव्हा. बांबूंवर वाळत घातलेले बोंबील हा कुणाचा तरी रोजगार असतो, आणि प्रार्थना चालू असलेलं चर्च ही रीलची जागा नसते.

जपानच्या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. निर्णय तिथल्याच लोकांनी घेतला, पण गर्दी हाताबाहेर गेल्यावर. उत्तनकडे अजून वेळ आहे. गाड्या कुठे थांबतील, कचरा कोण उचलेल, प्रार्थनेच्या वेळी कोणाला आत सोडायचं, हे पूल होण्याआधी ठरवता येईल. कचऱ्याचा प्रश्न तर इथे जुनाच आहे, कारण मीरा-भाईंदर शहराचा घनकचरा प्रकल्प उत्तनलाच आहे.

त्यामुळे सेतूच्या चर्चेत किलोमीटर आणि कोटींइतकाच एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो: येणाऱ्या पाहुण्यांसाठी नियम कोण करणार, मंत्रालय की गाव?