शब्दांची मुळे आणि शेतकरी : निजामपुऱ्यात शब्दमंडळ हवे

बियाणे कोठले, हे विचारल्यावाचून जाणता शेतकरी ते शेतात टाकीत नाही. परंतु ज्या शब्दांनी आपण जमीन मोजतो, सारा भरतो, हंगाम ठरवितो आणि वाटणीचे कज्जे लढवितो, ते शब्द कोठले, याची विचारपूस आपल्यांत क्वचितच होते. ही उणीव दूर व्हावी म्हणून निजामपुऱ्यात शब्दांच्या मुळांचा शोध घेणाऱ्यांचे एक मंडळ स्थापन व्हावे, आणि त्यात पुढाकार शेतकऱ्यांनी घ्यावा, अशी आमची सूचना आहे.

निजामपुराच का, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर गावाच्या नावातच आहे. 'निजाम' म्हणजे व्यवस्था वा बंदोबस्त. हा शब्द अरबी. 'पुर' हा संस्कृत. दोन भाषा एका नावात सुखाने नांदत आहेत. भिवंडीच्या पंचक्रोशीत कोकणी मुसलमान, आगरी, कोळी, कुणबी, वारली, कातकरी, उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली अशा नाना लोकांची वस्ती आहे. ज्या यंत्रमागांमुळे हे शहर प्रसिद्धीस आले, त्यांतील 'माग' हा शब्द कानडीतील 'मग्ग' व तेलुगूतील 'मग्गमु' यांचा सोयरा होय. भाताची खाचरे बुजवून उभी राहिलेली गोदामे पाहा. 'गोदाम' हा शब्द मलय भाषेतील 'गुदांग' याच्याशी निगडित असून पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या व्यवहारातून सर्वत्र पसरला. आणि मलयातही तो मुळात दक्षिण हिंदुस्थानातून गेला असे भाषाभ्यासक मानतात. म्हणजे आपल्याच देशातला शब्द समुद्रपर्यटन करून आपल्या बांधावर परत आला!

आता खास शेतीचे शब्द घेऊ. 'शेत' हे 'क्षेत्र' होय, 'नांगर' हे 'लांगल', 'खळे' हे 'खल', आणि 'भात' हे 'भक्त' म्हणजे अन्न. 'खरीप' हा अरबी शब्द. त्याचा अर्थ शरद ऋतू. 'रब्बी' म्हणजे वसंत. यावरून ध्यानात येते की ही नावे पेरणीच्या काळावरून नव्हे, तर कापणीच्या काळावरून पडली. 'मशागत' हे 'मशक्कत' याचे रूप असून त्याचा अर्थ कष्ट. 'तगाई' ज्या अरबी धातूपासून आली त्याचा अर्थ बळ देणे. 1883 व 1884 च्या कायद्यांनी सरकार जे कर्ज शेतकऱ्यास देऊ लागले, त्याचे हे जुने नाव किती अर्थपूर्ण होते! 'एकर' इंग्रजांबरोबर आला. पण तो आणि वेदांतील 'अज्र' म्हणजे शेत, हे एकाच मूळ शब्दाचे दोन फाटे होत. दक्षिण अमेरिकेतून बटाटा आला तो 'बटाटा' हे नाव पोर्तुगीजांकडून घेऊन आला. मिरचीही अमेरिकेतलीच, परंतु तीस आपण जुन्या 'मरिच' म्हणजे काळ्या मिऱ्याचे नाव दिले. पिकांचा इतिहास ज्यास वाचावयाचा असेल, त्याने त्यांची नावे वाचावीत.

यावर पहिला आक्षेप असा की, याने खंडीभर भात अधिक पिकेल काय? पिकणार नाही, हे खरे. परंतु पिकलेले व राखलेले हातचे जाऊ नये, यासाठी शब्दज्ञान हवे. सातबाऱ्यावरील 'पोटखराबा' या शब्दातील 'पोट' म्हणजे पोटहिश्श्यातले, पोटभाडेकरूतले 'पोट'. एका मोठ्या भागाच्या आतला लहान भाग. हे ज्यास कळले तो नोंद वाचताना फसणार नाही. 'वरकस' म्हणजे निरुपयोगी माळ नव्हे. राबासाठी गवत-पाला देणारी आणि नाचणी-वरी पिकविणारी ती जमीन भातशेतीची पाठराखीण होय. राबासाठी टहाळ तोडण्याच्या हक्कावरून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत सरकारच्या जंगलखात्याशी एवढा वाद माजला की 1885 च्या सुमारास सरकारला चौकशी-मंडळ नेमावे लागले. 'राब' म्हणजे काय, हे ज्यास ठाऊक नाही, त्यास त्या वादातील न्याय-अन्याय काय समजणार?

दुसरा आक्षेप असा की, हे काम पंडितांचे आहे. पंडितांनी ते थोर केले यात संशय नाही. मोल्सवर्थचा कोश 1831 मध्ये निघाला, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 पासून सात भागांत निघाला, कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश 1946 मध्ये प्रसिद्ध झाला. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरे धुंडाळीत गावोगाव हिंडले, 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत अग्रभागी राहिले, आणि शब्दांच्या मुळांचाही त्यांनी ध्यास घेतला. तथापि कोश कितीही मोठा झाला तरी खाचरातला प्रत्येक शब्द त्यात येणे शक्य नाही. लंडनच्या फायलॉलॉजिकल सोसायटीने 1857 मध्ये ज्या कोशाचा संकल्प केला, त्यासाठी संपादक जेम्स मरे यांनी 1879 मध्ये सामान्य वाचकांस आवाहन केले. लोकांनी चिठ्ठ्यांवर शब्द व वाक्ये लिहून पाठविली, आणि 1928 मध्ये तो प्रचंड ग्रंथ पुरा झाला. विलायतेतल्या गृहस्थांस जे साधले, ते भिवंडीच्या शेतकऱ्यास का साधू नये?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुळे शोधू लागलो की 'हा शब्द आपला, तो परका' असा तंटा माजेल, ही भीती. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला, तो राजकारणाचा विचार होता. आणि माधव जूलियन भाषाशुद्धीचे कैवारी होऊनही 1925 मध्ये फारशी-मराठी कोश त्यांनीच सिद्ध केला होता. आमचे मत असे की, मूळ जाणणे हे शब्दास हाकलण्यासाठी नव्हे, ओळखण्यासाठी असावे. तीनशे वर्षे ज्याने आपल्या बांधावर घाम गाळला त्या 'मशागत' शब्दास परका कोण म्हणेल?

मात्र एक पथ्य पाळावे. कानास गोड लागले म्हणून मूळ ठरवू नये. 'कुणबी' शब्दातील 'बी' पाहून काही लोक त्याचा बियाण्याशी संबंध जोडतात. परंतु भाषाशास्त्राच्या नियमांनी तो 'कुटुंबिन्' म्हणजे कुटुंबवत्सल गृहस्थ याच्यापासून आला आहे. तर्क आणि पुरावा वेगळ्या रकान्यांत लिहावेत. शब्द, त्याचा अर्थ, गाव, सांगणाऱ्याचे अंदाजे वय आणि बोलण्यातले एक वाक्य, एवढे प्रथम टिपावे. मूळ सर्वांत शेवटी. ज्यांच्या घरी मोडी कागद असतील त्यांनी त्यांतील शब्द उतरवून द्यावेत. आणि स्त्रियांस वगळू नये, कारण आवण काढणे, मूठ बांधणे, लावणी करणे या कामांची बोली त्यांच्याच तोंडी अधिक शुद्ध राहिली आहे.

घाई का करावी, हेही सांगितले पाहिजे. शेत विकले गेले तर पैसा येतो, पण त्या शेताचे नाव, त्याच्या बांधाचे नाव, त्यात चालणाऱ्या कामांची नावे विकत घेणारा कोणी नसतो. ती वृद्धांबरोबर निमूटपणे जातात. वस्तू गेली की शब्द एका पिढीत जातो. यास्तव आमची वाचकांस विनंती आहे की, येत्या लावणीच्या आधी प्रत्येकाने आपल्या घरातील वडील माणसांकडून दहा शब्द उतरवून घ्यावेत आणि निजामपुऱ्यात चार जणांनी एकत्र बसून त्यांची पहिली वही उघडावी. मंडळास इमारत नको, वर्गणीही थोडी पुरे. वही, लेखणी आणि पुराव्यावाचून न बोलण्याचा निश्चय, एवढे भांडवल बस्स आहे.