ओआरएस आणि साखरेचे गणित

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने एक आदेश काढला. कोणत्याही खाद्यपेयाच्या नावात वा व्यापारचिन्हात ‘ओआरएस’ ही अक्षरे वापरता येणार नाहीत. मागेपुढे दुसरा शब्द जोडूनही नाहीत. ‘हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले सूत्र नाही’ अशी टीप छापण्याच्या अटीवर जुलै २०२२ पासून जी मुभा दिली गेली होती, ती मागे घेण्यात आली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षे दिलेल्या लढ्याचे हे फळ आहे. काही उत्पादकांनी दिल्ली उच्च न्यायालयात धावही घेतली. बातम्यांत या निर्णयाची चर्चा ग्राहकहक्कांच्या अंगाने झाली. मला मात्र हा प्रश्न मुळात भौतिकशास्त्राचा वाटतो, आणि त्या अंगाने पाहिल्यास ती मुभा कधीकाळी दिली गेली याचेच नवल वाटते.

अतिसारात बाळ दगावते ते प्रामुख्याने शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. नुसते पाणी पाजून ही झीज भरून निघत नाही, कारण आतड्याचे अस्तर पाणी स्वतःहून ओढून घेत नाही. क्षार जिकडे जातात तिकडे पाणी परासरणाने जाते. जुलाब चालू असताना सोडिअम आत नेण्याचे काही मार्ग मंदावतात, पण एक मार्ग शाबूत राहतो. ग्लुकोज आत नेणारे एक प्रथिन दर रेणूमागे सोडिअमचे दोन आयन सोबत नेते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे ही जोडवाहतुकीची कल्पना मांडली. जलसंजीवनीतील साखर चवीसाठी नसते. ती सोडिअमला आत नेणारी वाहक असते.

विद्यार्थी मित्रांनी पुढील आकडेमोड स्वतः करून पाहावी. प्रमाणित पाकिटात एक लिटर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. रेणुभार १८०, म्हणजे ७५ मिलिमोल. सोडिअमही ७५. क्लोराइड ६५, पोटॅशिअम २० आणि सायट्रेट १० मिळविले की बेरीज २४५ होते. रक्तद्रवाचा हाच आकडा तीनशेच्या किंचित खाली असतो. द्रावण रक्ताहून सौम्य असल्याने पाणी आतड्यातून रक्ताकडे वाहते. आधीच्या सूत्राची बेरीज ३११ होती. चाचण्यांत सौम्य द्रावणाने जुलाबाचे प्रमाण, उलट्या आणि सलाइन लावण्याची गरज कमी होते असे आढळले, म्हणून २००२ मध्ये सूत्र बदलले गेले. अवघ्या ६६ एककांच्या फरकासाठी जगभरची पाकिटे बदलली, हे लक्षात असू द्यावे.

आता लिटरमागे शंभर ग्रॅम साखर असलेले गोड पेय घ्या. सुक्रोजचा रेणुभार ३४२, म्हणजे सुमारे २९२ मिलिमोल. आतड्यात प्रत्येक रेणूचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. आकडा ५८५ च्या आसपास जातो, आणि यात इतर घटक धरलेलेच नाहीत. अशा वेळी पाण्याची दिशा उलटते. ते रक्तातून आतड्यात येते आणि जुलाब वाढतात. सोडिअमही बहुधा पुरेसे नसतेच. हे पेय धडधाकट माणसाने उन्हात प्यायले तर फारसे बिघडत नाही. सुकत चाललेल्या सहा महिन्यांच्या बाळाला ते ‘ओआरएस’ म्हणून पाजणे म्हणजे रोगाला हातभार लावणे होय.

‘मुलांना खारट पाकीट आवडत नाही, निदान हे तरी ती पितात,’ असा युक्तिवाद ऐकू येतो. तो वरवर व्यवहार्य वाटतो. परंतु येथे प्रश्न किती प्यायले एवढ्यापुरता नाही. आतड्यात शोषले किती जाते, हा आहे. आणि टिपेबद्दल काय बोलावे? रात्री औषधाच्या दुकानातून खोका उचलणारी आई बारीक इंग्रजी अक्षरांतली सूचना वाचून निर्णय घेईल, असे गृहीत धरणाऱ्यांनी ते दुकान पाहिलेले नसावे.

१९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महलनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज मोजून पिशव्या भरल्या आणि नातेवाइकांच्या हाती दिल्या. तीस टक्क्यांच्या घरातील मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. ‘मोजून’ या शब्दावर माझा भर आहे. त्यांचे निधन ऑक्टोबर २०२२ मध्ये झाले. गोड पेयांना ते नाव वापरण्याची सशर्त मुभा मिळाली तीही त्याच वर्षी. पद्मविभूषण मरणोत्तर, २०२३ मध्ये जाहीर झाले.

नाव काढून घेतले, हे योग्यच झाले. तथापि खरी जलसंजीवनी औषध म्हणून एका नियामकाकडे आणि तिच्याशेजारी त्याच फळीवर मांडलेले पेय अन्न म्हणून दुसऱ्याकडे, ही व्यवस्था तशीच आहे. नवे नाव, तेच रंग, तोच खोका घेऊन ती पेये परत येऊ शकतात. म्हणून औषध दुकानांत त्यांची फळी वेगळी हवी आणि ‘अतिसारात देऊ नये’ ही सूचना त्या त्या राज्याच्या भाषेत, दर्शनी बाजूस हवी. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार अतिसार झालेल्या बालकांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनाच ओआरएस मिळाले होते, आणि त्यासोबत द्यावयाचे झिंक जेमतेम ३० टक्क्यांना. उरलेल्या घरांपर्यंत पाकीट पोहोचविण्याचे काम या आदेशाने होणार नाही. ते आशा कार्यकर्तीच्या पिशवीत वेळेवर साठा असण्यावर अवलंबून आहे.