नोंदी कुणाच्या, किल्ली कुणाकडे?



सल्ला केंद्र चालवणाऱ्या गटांच्या बैठकीत एक प्रश्न फारसा विचारला जात नाही. बायकांनी आपल्याला सांगितलेलं सगळं आपण ठेवलंय कुठे? पूर्वी उत्तर सोपं होतं. वह्या, फायली, एक लोखंडी कपाट, आणि कपाटाची किल्ली एखाद्या ताईच्या कमरेला. आज अर्जांच्या प्रती एकीच्या लॅपटॉपवर असतात, पोलीस ठाण्याला दिलेली पत्रं कुणाच्या तरी भाच्याने उघडून दिलेल्या ईमेल खात्यात असतात, आणि मारहाणीच्या वळांचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटात पडलेले असतात. भाचा नोकरीला पुण्याला जातो, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. लॅपटॉप घरी मुलं खेळायला घेतात. जिच्यावर विश्वास ठेवून एक बाई आपल्या नवऱ्याचं नाव, गाव आणि त्याची सगळी करणी सांगून गेली, त्या संघटनेला ती नोंद नेमकी कुठे आहे हे सांगता येत नाही.

या वेळी म्हणून थोड्या वेगळ्या विषयावर लिहीत आहोत. कोपऱ्यात ठेवता येईल असा, आवाज न करणारा, आपल्या ऐपतीतला एक छोटा संगणक, आणि त्या एकाच्या पोटात स्वतंत्रपणे चालणारे तीन-चार संगणक. याला 'होम सर्व्हर' म्हणतात आणि हा इंजिनिअर मुलांचा छंद समजला जातो. आमच्या विश्रामबागेत वालचंद महाविद्यालय १९४७ पासून उभं आहे, तिथून शिकून निघालेल्या कित्येकांच्या घरात असा एखादा डबा असेल. पण तो बाईने आपल्या कामासाठी मांडावा, हे अजून कुणाच्या मनात येत नाही.

आधी हे का, ते सांगायला हवं. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत ते कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ७२ आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. कुणाची लागण तिच्या संमतीशिवाय सांगू नये आणि तिची माहिती सुरक्षित ठेवावी, असं तो बजावतो. आपल्या जिल्ह्याला हे कायद्याआधीच कळलं होतं. सांगलीत 'संग्राम'ने १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम सुरू केलं, पुढे १९९६ मध्ये त्या बायकांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. त्या काळात गावात एखादं नाव फुटलं तर त्या बाईचं घर, पाणवठा, मुलांची शाळा, सगळंच तुटायचं. नावांची यादी ही काय चीज असते, हे सांगली-मिरजेच्या कार्यकर्त्यांना शिकवायला नको.

यावर तरुण मैत्रिणी म्हणतात, "ताई, क्लाउडवर टाका, झालं." पत्रकं, शिबिरांची वेळापत्रकं, अंकाची मुद्रितं खुशाल टाका. त्याला आमची ना नाही. पण क्लाउड म्हणजे आभाळ नव्हे, दुसऱ्या कुणाच्या तरी इमारतीतला संगणक. खातं व्यक्तीच्या नावावर असतं, संघटनेच्या नाही. कार्यकर्ती सोडून गेली की खातंही जातं. अटी बदलतात, फुकट असलेलं पैशाचं होतं. व्हीएमवेअर नावाची कंपनी २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने घेतली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तिची मोफत आवृत्ती बंद झाली. जगभरातल्या छोट्या संस्था रातोरात खोळंबल्या. पुढे २०२५ मध्ये ती पुन्हा मोफत मिळू लागली, पण तोवर अनेकांनी दुसरं दार शोधलं होतं. मालकाच्या मर्जीवर राहणं म्हणजे काय, हे बाईजातीला वेगळं सांगावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे येऊ. नवं घ्यायची गरज नाही. कंपन्या आणि बँका तीन-चार वर्षांनी आपले छोटे संगणक बदलतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी हे त्यातले. दोन जाड दिवाळी अंक एकावर एक ठेवावेत एवढाच आकार. विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, म्हणून ती यंत्रं ढिगाने जुन्या बाजारात आली. लिनक्सला ती उत्तम चालतात. ज्यांना टाकाऊ ठरवलं गेलं त्यांच्याकडून काम होतं, हा अनुभव आपल्याला नवा नाही. अशी यंत्रं साधारण दहा ते वीस हजारांत मिळतात. मात्र घेताना आत १६ जीबी मेमरी आधीच बसवलेली आहे ना, ते पाहा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव बरेच चढले आहेत आणि मागाहून घेतलेली मेमरी यंत्राएवढी महाग पडू शकते. प्रोसेसरच्या नावाअखेर 'टी' असेल तर तो ३५ वॉटच्या मर्यादेतला, कमी तापणारा. तोच निवडा.

आवाजाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तो चैनीचा प्रश्न नाही. सर्व्हर-खोल्यांतली चपटी यंत्रंही जुन्या बाजारात स्वस्त मिळतात आणि मोह होतो. ती जेमतेम पावणेदोन इंच जाडीची असतात. तेवढ्या जागेत मोठा पंखा मावत नाही, म्हणून दीड इंची पंखे मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेत किंचाळतात. ज्या खोलीत एखादी बाई पहिल्यांदाच तोंड उघडणार आहे, हळू आवाजात, थांबत थांबत, तिथे हे यंत्र नको. आणि कार्यकर्तीचं घर दोन खोल्यांचं असेल, सासूबाई तिथेच झोपत असतील, तर हे घरघरणारं यंत्र तिसऱ्या दिवशी बंद होणार. "हे काय आणून ठेवलंस" या एका वाक्याने बायकांची किती कामं थांबली आहेत! छोट्या यंत्राचा पंखा एरवी ऐकूही येत नाही. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घातली की तिची कुरकुरही जाते.

विजेचं गणित स्वतः मांडून बघा. छोटं यंत्र फारसं काम नसताना साधारण १५ वॉट घेतं. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला ११ युनिटांच्या आत. ते चपटं यंत्र १५० वॉट धरलं तर १०८ युनिट. आपल्याकडे घरगुती बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर चढतो, त्यामुळे ज्या घरात आज सत्तर-ऐंशी युनिट जळतात तिथे पहिलं यंत्र खपून जाईल, दुसऱ्याने भांडण होईल.

आता एका यंत्रात अनेक यंत्रं कशी? सांगलीच्या गावभागातले जुने वाडे आठवा. एक दिंडीदरवाजा, एक विहीर, एक छप्पर, पण बिऱ्हाडं वेगळी. प्रत्येकाची चूल वेगळी, कडी-कोयंडा वेगळा. व्हर्च्युअल मशीन म्हणजे असं बिऱ्हाड. ही कल्पना १९६० च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिज इथल्या केंद्रात आकाराला आली, कारण तेव्हा संगणक इतका महाग होता की एकाच यंत्रावर अनेकांचा संसार मांडावा लागे. (त्या इतिहासाचं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं टिपण प्रिन्स्टन विद्यापीठातल्या मेलिंडा व्हॅरियन या बाईंनी लिहिलं आहे, हे जाता जाता.) वाड्याची व्यवस्था बघायला प्रॉक्समॉक्स नावाची मुक्त प्रणाली आहे, व्हिएन्नाच्या एका कंपनीची, २००८ पासूनची. पैसे न भरता वापरता येते. आत जाताना 'वर्गणी नाही' अशी सूचना दाखवते, तिने घाबरू नका. फक्त अद्ययावत होण्याचा पत्ता बदलून 'विनावर्गणी' भांडार निवडावं लागतं. त्याआधी यंत्राच्या बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशनचं बटण चालू आहे ना ते पाहावं, अनेकदा तिथेच गाडी अडते.

आमच्या मते तीन बिऱ्हाडं पुरेत. पहिलं प्रकरणांच्या नोंदींचं. त्याला इंटरनेट अजिबात द्यायचं नाही, आणि प्रणाली बसवतानाच त्याची डिस्क सांकेतिक कुलपात ठेवायची. काम असेल तेव्हा उघडायचं, संपलं की बंद करायचं. यंत्र चोरीला गेलं तरी बंद असलेल्या त्या बिऱ्हाडातून पासवर्डशिवाय कुणाला काही वाचता येणार नाही.

दुसरं जुन्या अंकांचं. नव्वदच्या दशकात आपल्या चळवळीतली किती मासिकं, अहवाल, परिषदांची टिपणं पेजमेकरवर, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या अक्षरांत जुळली! आज ती फाइल उघडली की मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात, कारण ती अक्षरं युनिकोड नव्हती. जुन्या विंडोजची मूळ सीडी आणि क्रमांक सांभाळून ठेवला असेल तर एका बिऱ्हाडात ती विंडोज जशीच्या तशी नांदवता येते, त्यात पेजमेकर बसवून पानं पीडीएफमध्ये काढून घेता येतात. अक्षरसंचाला डोंगल लागत असेल आणि तो यूएसबीचा असेल तर तो त्या बिऱ्हाडापुरता जोडून देता येतो. पीडीएफ वाचता येईल, पण त्यात शब्द शोधता येणार नाही. युनिकोडात आणण्याचं काम वेगळं आणि कष्टाचं आहे. तरी आधी पानं वाचवूया. या जुन्या विंडोजलाही इंटरनेट द्यायचं नाही, तिची डागडुजी कधीच थांबली आहे.

तिसरं बिऱ्हाड शिकायचं, आणि आम्हाला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र घराघरातल्या मुलींकडे आहे. पण टंकणं आणि तक्ते करणं येतं, यंत्राच्या आत हात घालायची भीती जात नाही. कारण उघड आहे. मुलग्याने रेडिओ उघडून मोडला तर तो हुशार, मुलीच्या हातून कप फुटला तरी वेंधळी. या बिऱ्हाडाची आधी एक 'स्नॅपशॉट' प्रत घेऊन ठेवायची आणि मुलींना सांगायचं, मोडा. सगळं मोडलं तरी दोन मिनिटांत ते पूर्ववत होतं. मोडायची मुभा मिळाल्याशिवाय दुरुस्ती येत नाही.

एक खबरदारी मात्र. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, वाडा पडला तर सगळी बिऱ्हाडं जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. २०२१ च्या जुलैत पुन्हा तिने पन्नाशी ओलांडली. म्हणून आठवड्याला एक कुलूपबंद प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या गावी, साताऱ्याच्या मैत्रिणींकडे म्हणा, ठेवावी. त्यांची प्रत आपल्याकडे.

यंत्र ठेवायचं कुणाच्या घरात, हा प्रश्न तांत्रिक नाही. 'होम सर्व्हर' म्हणताना जे 'होम' गृहीत धरलंय, ते आपल्यापैकी किती जणींच्या नावावर आहे? जिच्या घरात तिच्या नावाचा कपाटाचा एक कप्पा नाही, तिथे दुसऱ्या बायकांच्या नोंदी ठेवणं धोक्याचं आहे. तिच्यासाठीही, त्यांच्यासाठीही. केंद्राची भाड्याची का होईना खोली असेल तर तिथेच ठेवावं. ती नसेल तर एकट्या राहणाऱ्या किंवा घरात स्वतःचा शब्द चालणाऱ्या कार्यकर्तीकडे. पासवर्ड दोघींकडे, शिवाय पाकिटात बंद करून तिसऱ्या जागी. हे कुलूप तोडता येत नाही, पासवर्ड विसरला तर नोंदी कायमच्या गेल्या. राउटरमधून बाहेरच्या जगाला दार उघडून देऊ नका, घरून काम करण्याची कितीही सोय होत असली तरी.

आणि दुरुस्तीवाला दादा. तो चांगला असतो, वेळेला धावून येतो, पण सगळ्या किल्ल्या त्याच्या हातात जातात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. दाईपासून वकिलापर्यंत आपण आपल्या बायका तयार केल्या, मग इथेच का थांबलो? ब्रसेल्समध्ये 'कॉन्स्टंट' या संस्थेच्या पुढाकाराने २०१३ मध्ये बायका याच प्रश्नावर जमल्या आणि पुढच्या वर्षी स्त्रीवादी सर्व्हरचा जाहीरनामा निघाला. 'सिस्टरसर्व्हर' हा गट तर त्याच्याही आधीपासून स्वतःची यंत्रं स्वतः चालवतो आहे. आपल्याला जाहीरनाम्याची घाई नाही. दोघी तयार झाल्या तरी सुरुवात होईल.

वर्षाला पंधरा-वीस प्रकरणं असलेल्या छोट्या गटाने मात्र या भानगडीत पडू नये. त्यांच्यासाठी वही, लोखंडी कपाट आणि मोबाईलवरचे फोटो पुसण्याची शिस्त पुरेशी आहे. ज्यांच्याकडे काम वाढलंय, जुने अंक फ्लॉपी आणि सीडीत अडकलेत, आणि शिकायला दोन मुली तयार आहेत, त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर लिहावं. पत्रात तीन गोष्टी कळवा: खोली कुणाच्या नावावर आहे, वीज किती वेळा जाते, आणि आज पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहेत.